पंक्तिप्रपंच करणारा नायक

पत्र:

'मी सांगलीत राहते. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी आणि रात्री कादंबरी, असं चाललंय. कादंबरी भविष्यातल्या एका शहराची आहे, समनगरची. तिथे सगळ्यांना सारखे कपडे, सारखं जेवण, सारखं घर. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. माझ्या नायकाला, म्हणजे क्रमांक ४१७ ला, एका बंद तळघरात जुनी पुस्तकं सापडतात, ती वाचून तो जागा होतो आणि शेवटी भर चौकात अकरा पानांचं भाषण करतो. आईने हस्तलिखित वाचलं आणि म्हणाली, "वेळेवर जेवण आहे, दवाखाना फुकट आहे, घरभाडं नाही, हुंडा नाही. मग तुझ्या त्या चारशे सतराला काय धाड भरलीय?" मित्र म्हणतो, शहर आणखी क्रूर कर, चौथ्या प्रकरणात एखादी जाहीर फाशी घाल. पण वाचक नायकाच्या बाजूने यावा म्हणून फाशी घालावी लागत असेल तर माझंच कुठेतरी चुकतंय असं वाटतं. काय करू? आणि शेवटी तो जिंकावा की मरावा?
– अर्धवट कादंबरीकार'

प्रिय अर्धवट कादंबरीकार,

फाशी घालू नका. फाशी वाईट असते हे वाचकाला तुमची कादंबरी उघडण्याआधीच माहीत असतं. मित्राला चहा पाजा आणि त्याचा सल्ला विसरा.

आईंचं मात्र नीट ऐका. जेवण, दवाखाना, भाडं, हुंडा या चार गोष्टींची चिंता जिने आयुष्यभर वाहिली, तिला समनगरात जावंसं वाटणारच. या जातीच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या चांगल्या लेखकांनी तिचा प्रश्न कधी दडपला नाही. उलट, शहराची बाजू मांडायला त्यांनी पुस्तकातला सगळ्यात हुशार माणूस उभा केला. हक्स्लीच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये मुस्तफा मॉन्ड नावाचा नियंत्रक आहे, जगाच्या दहा नियंत्रकांपैकी एक. बंदी घातलेली पुस्तकं त्याने स्वतः वाचलेली आहेत, त्याच्या तिजोरीत ती आहेत. तो एकेकाळी चांगला शास्त्रज्ञ होता आणि आपण काय गमावलं हे त्याला पुरतं ठाऊक आहे. बाहेरून आलेला जॉन त्याच्याशी वाद घालतो आणि अखेर आपल्याला दुःखी राहण्याचा हक्क हवा असं म्हणतो, तेव्हा मॉन्ड शांतपणे त्या हक्काची यादी वाचतो: म्हातारपण, कुरूपता, रोग, उपासमार, उवा, उद्याची धास्ती. जॉन म्हणतो, सगळं हवं. मॉन्ड खांदे उडवतो. माझ्या मते तो वाद मॉन्डच जिंकतो. तरीही पुस्तक मिटल्यावर आपण जॉनचाच विचार करत राहतो, आणि ते हक्स्लीने समोरच्याला मुद्दाम कमजोर न करता साधलंय.

समनगरात असा मॉन्ड आहे का? तुमच्या पत्रात तरी दिसला नाही. नसेल तर घाला, आणि त्याच्या तोंडी आईंचीच वाक्यं द्या. फुकट तयार संवाद मिळालाय.

आता नायक. पुस्तकं वाचून एका रात्रीत जागा झालेला माणूस कादंबरीत फार कंटाळवाणा होतो. (बाहेरही होतो, पण ते असो.) ब्रॅडबरीच्या १९५३ च्या 'फॅरनहाइट ४५१'मधला माँटॅग पुस्तकं जाळण्याची नोकरी करतो, म्हणजे त्याच्या हाताखालून पुस्तकांचे ढीग गेलेत. पण त्याला पहिला धक्का बसतो तो शेजारच्या मुलीच्या प्रश्नाने: तू सुखी आहेस का? दुसरा बसतो एका म्हातारीमुळे, जी आपल्या पुस्तकांबरोबर स्वतःला जाळून घेते. तुमच्या ४१७ ला पानं मिळाली, माणूस कुठे मिळालं?

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे, म्हणून इथे जरा थांबते. या पुस्तकांमधली शहरं नेमकी कशावर बंदी घालतात ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. झाम्यातिनच्या 'वुई'मध्ये, जी १९२० च्या सुमारास रशियात लिहिली गेली, कोणत्याही नागरिकाचा कोणत्याही नागरिकावर हक्क आहे. गुलाबी कूपन घ्यायचं, ठरलेल्या तासाला काचेच्या घराचे पडदे ओढायचे. हक्स्लीच्या जगात लहानपणापासून झोपेत शिकवतात की प्रत्येकजण प्रत्येकाचा आहे, आणि 'आई' ही तिथे शिवी आहे. आयन रँडच्या 'अँथम'मध्ये, १९३८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या त्या छोट्या पुस्तकात, तर या गुन्ह्याला नावच दिलंय: आवडनिवड करण्याचा अपराध. सगळ्यांवर सारखं प्रेम करा. एकावर जास्त केलंत की पाप. तीन लेखक, तीन वेगळे राग, आणि बंदी एकाच गोष्टीवर. माणसाने एकटं राहावं की चारचौघांत, याच्याशी या शहरांना फारसं देणंघेणं नाही. त्यांना खुपतं ते हे, की तुला हीच बाई हवी, हेच काम हवं, हेच मूल हवं.

आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला बजावून सांगतात, पंक्तिप्रपंच करू नकोस. ओळखीच्याच्या पानात दोन जिलब्या आणि परक्याच्या पानात एक, असं चालणार नाही. सांगणाऱ्याचं बरोबरच असतं. समनगर ही अशीच कधीही न उठणारी पंगत आहे, आणि तुमच्या नायकाने तिथे पंक्तिप्रपंच करायला हवा. एका पानात एक जिलबी जास्त. शहराच्या हिशेबाने हा अन्यायच आहे, कारण ती जिलबी दुसऱ्या कुणाच्या तरी पानातून आलेली आहे. हे वाचकाला दिसू द्या. त्याला नायकाची थोडी लाज वाटली पाहिजे आणि तरी त्याने नायकाला सोडून जाता कामा नये. तुमचा ४१७ सगळ्यांवर सारखाच चिडलेला आहे. म्हणजे तो अजून समनगरचा आदर्श नागरिकच आहे, फक्त चिन्ह बदललंय.

'वुई'मध्ये ओ-९० नावाची एक बाई आहे. वाचकांना सहसा लक्षात राहते ती आय-३३०, सिगारेट ओढणारी, पियानो वाजवणारी, क्रांतीला शेवटचा आकडा नसतो असं सांगणारी. ओ-९० साधी, गुबगुबीत, जरा रडकी. मातृत्वासाठी ठरवलेल्या उंचीपेक्षा ती दहा सेंटिमीटर कमी भरते, म्हणून तिला मूल होऊ देण्याची परवानगी नाही. तिला मूल हवंय. बस, एवढंच. तिच्याकडे विचारसरणी नाही, भाषण नाही, गुप्त संघटना नाही. ती नियम मोडून गरोदर राहते आणि शेवटी आय-३३० च्या मदतीने शहराभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटते. आता हिशेब करा. आय-३३० पकडली जाते, छळ सोसते, तोंड उघडत नाही, दुसऱ्या दिवशी मरणार असते. कथा सांगणारा डी-५०३ शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून टाकलेला, तिचा छळ निर्विकार बघत बसलेला. ज्यांची नावं आपण बंडखोर म्हणून घेतो त्यांच्यातलं कुणी सुटत नाही. सुटते ती ओ-९०. मला ते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात धारदार बंड वाटतं, आणि झाम्यातिनने त्याचा जराही गाजावाजा केलेला नाही.

डी-५०३ कडूनही एक गोष्ट उचला. तो बंडखोर म्हणून सुरुवात करत नाही. तो सरकारी यानाचा मुख्य बांधकामप्रमुख आहे, राज्याचा भक्त आहे, आणि त्याची नोंदवही सुरू होते ती राज्याची आरती म्हणून. परग्रहावरच्या लोकांनी ती वाचून सुधारावं अशी त्याची इच्छा असते. आरती करता-करताच त्याचा ताल चुकत जातो. तुमचा ४१७ पहिल्या प्रकरणात समनगरवर मनापासून खूश असेल तर आईंनाही त्याच्याबरोबर चालावंसं वाटेल, आणि तो डळमळला की त्यांना त्याची काळजी लागेल.

रँडविषयी दोन गोष्टी सांगते, कारण ते अकरा पानांचं भाषण तिच्याकडून आलं असावं अशी मला शंका आहे. 'अँथम'चा नायक रस्ते झाडतो. जुन्या बोगद्यात लपून तो विजेचा दिवा पुन्हा शोधून काढतो, आणि मग काय करतो? पळून जात नाही. तो दिवा घेऊन विद्वानांच्या परिषदेपुढे उभा राहतो, सगळ्या बांधवांना ही भेट द्यायला. विद्वान घाबरतात. एकट्याने केलेलं काम ते खरं असूच शकत नाही; शिवाय मेणबत्ती खात्याचं काय होणार? मेणबत्तीला सगळ्या परिषदांची मंजुरी मिळवायला पन्नास वर्षं लागली होती. हा प्रसंग अस्सल आहे. ज्याने कुठल्याही कार्यालयात एखादी सुधारणा सुचवून पाहिलीय त्याला तो आतून ओळखीचा वाटेल. तुमच्या पतसंस्थेतही एखादं मेणबत्ती खातं असेलच. नायक तिथे आपल्या लोकांवर प्रेम करतो आणि म्हणूनच दुखावला जातो. त्यानंतर शेवटची दोन प्रकरणं येतात. त्यात तो डोंगरावरच्या घरात बसून 'मी'चा जयजयकार करतो आणि पुस्तक खाली बसतं. ती प्रकरणं आवडणारे वाचक पुष्कळ आहेत, मी त्यातली नाही. दिवा हातात घेऊन उभा असलेला झाडूवाला भाषणाशिवायच सगळं सांगून गेलेला असतो.

पण रँडच्या रागाला पत्ता होता, हे मान्य करायला हवं. क्रांतीनंतर तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान सरकारजमा झालं, आणि १९२६ मध्ये ती रशिया सोडून अमेरिकेला गेली. झाम्यातिनचे तर दोन पत्ते होते. तो जहाजबांधणीचा इंजिनिअर. १९१६-१७ मध्ये रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घ्यायला इंग्लंडात न्यूकॅसलला राहिला. तिथल्या सभ्य वस्तीवर त्याने एक लघुकादंबरी लिहिली, त्यात एक पाद्री आहे जो जेवणाखाणापासून दानधर्मापर्यंत सगळं वेळापत्रकात बसवतो आणि लोकांना सक्तीने मोक्ष देऊ पाहतो. 'वुई'मधलं तासांचं कोष्टक म्हणजे या पाद्र्याचंच मोठं भावंड. कारखान्यातल्या कामगाराची हालचाल घड्याळाने मोजणारा अमेरिकन टेलर तर त्या कादंबरीत महापुरुष मानला जातो. म्हणजे मॉस्को, न्यूकॅसल आणि अमेरिकन कारखाना, तिन्ही मिसळून ते शहर झालंय. म्हणूनच सोव्हिएत राज्य गेलं तरी पुस्तक टिकलं. किंमत मोजावी लागली ती वेगळीच: १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कला इंग्रजीत निघालं, त्याच्या स्वतःच्या देशात १९८८ मध्ये. तोवर त्याला पॅरिसमध्ये मरून ५१ वर्षं झाली होती.

तुमच्या रागाचा पत्ता काय? क्रमांक, एकसारखे कपडे, चौक, तळघर हे सगळं सामान पीटर्सबर्गहून आणि लंडनहून आलेलं आहे. सांगलीतल्या मुलीने 'सगळे' कुठे पाहिले? सरकारी गणवेशात पाहिले नसावेत. भावकीत पाहिले असतील, गावकीत, जातीच्या बैठकीत. आपल्याकडे माणसाला सरळ करायला ऑर्वेलच्या '१९८४'मधला टेलिस्क्रीन, म्हणजे घराघरात पाळत ठेवणारा पडदा, लागत नाही. वाळीत टाकलं की झालं: लग्नाचं बोलावणं नाही, दुकानातून किराणा नाही, गिरणीत दळण नाही, घरात मयत झालं तर खांदा द्यायला कुणी नाही. आणि हुकूम कुणी दिला ते विचारायला गेलात तर कुणीच दिलेला नसतो. ही काही आजोबांच्या काळची गोष्ट नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

त्याच्या कितीतरी आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना सांगितलं होतं की या मसुद्याने गाव टाकून देऊन व्यक्ती हा घटक मानला याचा मला आनंद आहे. गाव म्हणजे कोतेपणाचं डबकं, असाही त्यांचा सूर होता. सभागृहातल्या बऱ्याच जणांना ते झोंबलं, चर्चेत तसं बोलूनही दाखवलं गेलं. मला विचाराल तर 'मी विरुद्ध सगळे' या विषयावर मराठी लेखकाला याहून चांगला आरंभबिंदू मिळणार नाही. त्या दिवशी व्यक्तीच्या बाजूने जो माणूस बोलत होता त्याला 'सगळे' म्हणजे काय हे पाणवठ्यावर कळलेलं होतं.

परदेशी पुस्तकांपैकी याच्या सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक अर्सुला ले ग्विनचं, 'द डिस्पझेस्ड', १९७४ चं. अ‍ॅनारेस नावाच्या ओसाड चंद्रावर लोकांनी मालकी आणि सरकार दोन्ही टाकून देऊन समाज उभा केलाय. राजा नाही, कायदा नाही, जे आहे ते वाटून खायचं. शेव्हेक हा तिथला पदार्थवैज्ञानिक. त्याचा मित्र तिरिन एक टवाळखोर नाटक करतो. त्याला कुणी अटक करत नाही. लोक नाराज होतात, त्याला त्याच्या आवडीचं काम मिळेनासं होतं, लांबलांबच्या हमाली कामांवर पाठवलं जातं, आणि हळूहळू तो मनाने मोडतो. शेजाऱ्यांना काय वाटेल, या एका भीतीवर सगळा समाज चालतोय हे शेव्हेकला उशिरा कळतं. गंमत म्हणजे ले ग्विनचं त्या समाजावर प्रेम आहे. तिला तो मोडायचा नाही. ते वाचून झालं की समनगर पुन्हा लिहायला घ्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'आम्ही' म्हणजे तुरुंग आणि 'मी' म्हणजे सुटका, असं सरळ समीकरण घेऊन बसू नका. रँडला ते परवडलं, तुम्हाला परवडणार नाही, कारण तुमच्या भाषेत दलित लेखिका बेबी कांबळे होऊन गेल्या. फलटणकडच्या, घरच्या छोट्या दुकानात बसणाऱ्या. दुकानात बसून त्यांनी आपलं लेखन केलं आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वर्षानुवर्षं कागद लपवले. ऑर्वेलच्या नायकाला, विन्स्टनला, डायरी लिहायला टेलिस्क्रीनच्या नजरेआडचा एक कोनाडा मिळाला होता. यांना तोही दुकानातल्या अडगळीत शोधावा लागला. मग पुस्तक निघालं त्याचं नाव काय? 'जिणं आमुचं'. लपून, एकटीने, घरच्या माणसाच्या धाकात लिहिलेलं, आणि तरी सगळ्या वस्तीचं. तिथे 'आम्ही' हाच बंडाचा आवाज आहे. समनगरातही दोन 'आम्ही' असू शकतात, एक वरून लादलेलं आणि एक खालून, चोरून जमवलेलं. ४१७ ने पहिल्यातून दुसऱ्यात जावं असं तुम्हाला वाटलं तर मला आवडेल, पण तो तुमचा निर्णय.

राहिला शेवट. जिंकावा की मरावा, या दोनच वाटा असतात असं तुम्ही का धरून चालताय? विन्स्टन मरत नाही, जिंकतही नाही. त्याच्याकडून त्याच्या प्रेयसीचा, ज्युलियाचा, विश्वासघात करवून घेतला जातो आणि तिथेच तो संपतो. मतं आधीच मोडून झालेली असतात, म्हणजे तिथेही शेवटचा हल्ला त्याच्या आवडीवरच आहे. अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'ची नायिका एका गाडीत चढते. गाडी सोडवायला आली की पकडायला, ते कळत नाही, आणि मग पुढच्या पानांत २१९५ सालचे प्राध्यापक तिच्या ध्वनिफितींवर परिसंवाद भरवून शिळे विनोद करत बसलेले दिसतात. तो शेवट मला फाशीपेक्षा जास्त लागला. शेव्हेक शेजारच्या ग्रहावरून आपल्या चंद्रावर परत जातो. निघताना ज्यांनी दगड मारले होते त्यांच्याकडेच, रिकाम्या हाताने. स्वागत होईल की पुन्हा दगड, त्यालाही माहीत नाही.

यातला परत येण्याचा शेवट तुम्ही करून पाहावा असं मला वाटतं. निघून जाणारे नायक इंग्रजीत पुष्कळ आहेत. आपल्याकडे माणूस सहसा निघून जात नाही. त्याच गल्लीत, त्याच लोकांच्या नजरेसमोर, वाळीत पडून राहतो, आणि कधीतरी पहिलं कुणीतरी येऊन त्याच्याकडे दळणाचा डबा मागतं. ४१७ ने ज्या एका माणसासाठी पंगत बिघडवली ते माणूस तो परतल्यावर दार उघडेल की नाही, हे आधी ठरवा. ते ठरेपर्यंत शेवटच्या प्रकरणाला हात लावू नका.

भाषण मात्र आजच काढा. अकरा पानांत दोन-तीन वाक्यं खरोखर चांगली असतील. ती फेकू नका, नियंत्रकाला द्या. त्याच्या तोंडी ती जास्त शोभतील.